हयातीचा दाखला

तुळशीदास,
वाळपईच्या बाजारात पोदेराच्या भट्टीवर एक खोली आहे.
जिन्याची चौथी पायरी सैल आहे, तिथं जपून.
दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिथं बसतो.
खुर्च्या बारा, माणसं सात-आठ,
एक पंखा, मनाविरुद्ध बदली झाल्यासारखा फिरणारा,
आणि घड्याळ पाच मिनिटं पुढं.
ते मुद्दाम. फॉलइनला उशीर अजून कुणाला सोसत नाही.

मागच्या खेपेला तू कोयता पुसत म्हणालास,
मी कसला सैनिक रे, लंगरात होतो,
सतरा वर्षं कणीक मळली,
तुमच्यात पदकंवाले बसतात.

पदकंवाला एकच, रघुवीर झर्मेकर.
पदक कुठं ठेवलंय ते त्याला हल्ली आठवत नाही.
आम्ही सांगतो: कपाटात, वहिनीच्या साड्यांखाली.
तो दर महिन्याला नव्यानं खूश होतो.
बाकी कोण?
सगुण, ट्रक चालवायचा, झोपेत अजून गियर बदलतो.
इनास, बारा वर्षं बोटीवर काढली,
म्हादईत गुडघाभर उतरायला भितो.
आणि मी, कारकून. रजेचे अर्ज टाइप केले रे मी.
वर, जिथं शाई गोठायची,
तुझ्यासारख्याच कुणीतरी दिलेला मग
दोन्ही हातांत धरून बसायचो,
तेव्हा कुठं बोटं वळायची.

गुळेलीचा कायतान तुला माहीत नसणार.
आम्हालाही नव्हता.
तोफखान्यातला माणूस, इथून दहा-बारा किलोमीटरवर,
एकोणीस वर्षं राहिला,
आणि आम्हाला कळलं ते बहिणीनं ट्रंक उघडल्यावर.
हिरवा स्वेटर, डांबरगोळ्या,
डिस्चार्ज बुक,
आणि पेन्शनची पत्रं, एकही न फोडलेलं.
हयातीचा दाखला दिला नाही म्हणून
पैसे तीन वर्षांपूर्वीच थांबलेले.
त्यांच्या हिशेबी तो तेव्हाच मेला होता.
आमच्या हिशेबी तर जन्मलाच नव्हता.

पेटीजवळ उभं राहून
कुणाला काही बोलता येईना.
सगुणनं सॅल्यूट केला. उशिरा. फार उशिरा.

आता नोव्हेंबर येतोय.
तुझा अंगठा मशीन ओळखणार नाही, आधीच सांगतो,
निम्म्या रेषा तव्यानं खाल्ल्या,
उरलेल्या काजूच्या चिकानं.
मग बोट बदलायचं, नाहीतर डोळा दाखवायचा,
इनासच्या नातीला ते सगळं जमतं.
कागद आम्ही बघू.
वर्गणी वर्षाची शंभर, उधारी चालते,
माझीच दोन वर्षांची आहे.

एक गोष्ट विचारणार नव्हतो, पण विचारतो.
तुझा शेजारी म्हणाला,
तू पहाटे तीनला चूल पेटवतोस,
एकट्यासाठी, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवतोस,
आणि उजाडल्यावर ते माडाच्या मुळाशी ओततोस.
हे ऐकून खोलीत कुणी हसलं नाही.
झर्मेकरनं एवढंच विचारलं,
"किती जणांचं पाणी?"

सतरा वर्षं तू सगळ्यांच्या शेवटी जेवलास.
कुणी विचारलं का कधी, जेवलास का म्हणून?

तेव्हा ये.
ठाण्याहून सव्वाआठची कदंब मिळते.
खालून उंड्यांचा वास येतो, आपोआप वर चढशील.
चहा करायला बोलावत नाही, गैरसमज नको.
चहा झर्मेकरच करणार,
साखर दोनदा घालेल, नाहीतर विसरेल.
तू नुसता बस,
पी,
आणि मनसोक्त शिव्या घाल.

आणि हो,
चौथी पायरी.